ओढ्यात सापडलेला अमोनाइट

अक्का,

काल मेगन युनिव्हर्सिटीची व्हॅन घेऊन आली आणि बेसमेंटमधले तुमचे सगळे ड्रॉवर घेऊन गेली. तुम्हीच तसं ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे मला काही ठरवावं लागलं नाही. मेगन आता स्वतः प्रोफेसर आहे, तिचेही केस पिकायला लागलेत. पण पहिल्या ड्रॉवरला हात लावण्याआधी तिने माझ्याकडे बघितलं, तुमची विद्यार्थिनी असताना तुमच्याकडे बघायची तसंच. मी म्हटलं, "घे." मग आम्ही दोघी दुपारभर एकेक दगड कागदात गुंडाळत बसलो. बाहेर चिनूकचा उबदार वारा सुटला होता, छपरावरून बर्फाचं पाणी गळत होतं. ती गेल्यावर मी खाली जाऊन झाडून घेतलं. इतकी वर्षं त्या खोलीत वाट काढत चालायची सवय. रिकाम्या जागेतसुद्धा मी कडेकडेनेच चालत होते.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. मराठी मंडळातल्या बायकांचे फोन येतात. "तुमच्या नणंदबाई फार हुशार हो," म्हणतात, आणि मग जरा थांबून, "पण त्या नक्की करायच्या काय?" मी सांगते, दगडांची वयं काढायच्या. पलीकडून "अच्छा" येतं आणि विषय माझ्या जेवणाखाण्यावर जातो. त्यांना जे सांगता येत नाही ते तुम्हालाच सांगत बसावंसं वाटलं. तुम्ही मध्येच वाक्य तोडाल ही भीती आता उरली नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

मी लग्न होऊन कॅल्गरीला उतरले तेव्हा अरविंदबरोबर तुम्हीही एअरपोर्टवर आला होतात. अंगात जाड पुरुषी कोट, पार्का म्हणतात तो, पायात चिखलाचे बूट. सांगलीहून निघताना आईने बजावलं होतं, मोठी नणंद आहे, बिनलग्नाची आहे, जपून राहा. गाडीत मी तुम्हाला "वन्सं" म्हटलं. तुम्ही आरशातून बघत म्हणालात, "वन्सं नको गं. त्या शब्दाने मलाच माझी भीती वाटते. अक्का म्हण." अरविंद हसला. मी हसू की नको या विचारात घरापर्यंत आले.

मग तुम्ही आमच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा जेवायला आलात. कपाटाच्या एका फळीवर मी देव मांडले होते. माहेरचा शाळिग्राम दिसल्यावर तुमची पावलं थांबली. "सोवळ्यातला आहे का? हात लावू?" तुम्ही विचारलंत. मी लावा म्हटलं. तुम्ही तो खिडकीपाशी नेलात आणि जेवण निवेपर्यंत बघत राहिलात.

"हा अमोनाइट आहे, शालन. प्राणी होता. शंखासारखं घर, पण आत गोगलगाय नव्हे, माकुळाचा कुणी चुलता. हिमालय जिथे आहे तिथे समुद्र होता तेव्हाचा."

"म्हणजे देव नाही?"

"ते मी कुठे म्हटलं? वय विचारलंस तर वय सांगेन. देव आहे का नाही ते तुझं तू बघ."

मी घाबरून विचारलं होतं. तुम्ही इतक्या सरळपणे उत्तर दिलंत की भीती तिथेच संपली. त्या दिवशी तुम्ही मला आवडायला लागलात, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला डोंगरात नेलंत. अरविंदने गाडी चालवायची, मी मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायचं. लायब्ररीतली माझी नोकरी अजून लागायची होती, घरात बसून जीव उबगला होता, म्हणून आले. एका खोऱ्यात काळ्या दगडाची उंच भिंत होती, थरावर थर, जुन्या पुस्तकाच्या पानांसारखे सुटणारे. डोंगराची एक रांग ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात तशीच दुसरी भिंत होती. तसाच काळा दगड. सरकारी नकाशात दोन्ही भिंतींना एकच रंग दिलेला होता, म्हणजे दोन्हींचं वय एकच. तुम्हाला ते पटत नव्हतं.

"दोन्ही काळ्याच तर आहेत," मी म्हटलं.

"म्हशी पण काळ्याच असतात. त्या काय एकाच दिवशी जन्मल्या?"

मग वय कशावरून कळतं ते तुम्ही मला तिथे दगडावर बसून सांगितलंत. मी ते पुढे कितीतरी लोकांना सांगितलं, तुमचं नाव घेऊन. तुम्ही म्हणालात, "तुझ्या लग्नाच्या फोटोतल्या ब्लाउजच्या बाह्या बघून कुणीही सांगेल, कुठल्या काळातलं लग्न ते. बाह्या भराभर बदलतात म्हणून. तुळशीवृंदावन बघून नाही सांगता येणार, ते आजीच्या वेळेलाही तसंच होतं. अमोनाइट म्हणजे बाह्या. थोड्या थोड्या काळाने नवी तऱ्हा. आणि सांगलीत जी फॅशन, तीच त्या वर्षी कोल्हापुरात, नाशकात. हे प्राणी समुद्रभर पसरायचे. मेले की खाली चिखल असो, वाळू असो, तिथे रुतायचे. म्हणून इथल्या काळ्या दगडात आणि युरोपातल्या पांढऱ्या चुनखडीत एकच तऱ्हा सापडली, की समजायचं, दोन्ही दगड एकाच काळातले. दिसायला कितीही वेगळे असोत."

पहिल्या भिंतीत तुम्हाला अमोनाइट केव्हाच मिळाले होते. चपटे, पाठीवर धार, अंगावर विळ्यासारख्या वाकलेल्या फासळ्या. दुसरी भिंत मात्र मुकी होती. उन्हाळ्यामागून उन्हाळे आपण तिथे गेलो. निखिल झाला, चालायला लागला, त्याला पाठीवर घेऊन गेलो. सुटी शिंपल्यांची कवचं मिळायची, माशाचा एखादा खवला मिळायचा. अमोनाइट नाही. त्या भिंतीचा दगड जरा वेगळा फुटतो, ती बरीच तरुण आहे, असं तुम्हाला आतून वाटत होतं. पण आतून वाटणं तुम्ही कुठे लिहीत नव्हतात.

आणि मग एका दुपारी मी डबे धुवायला ओढ्यावर गेले आणि पाण्यातून एक गोल दगड उचलला. अर्धा फुटलेला होता. आत वेटोळं. फासळ्या जाड, प्रत्येक फासळीवर मध्ये एक गाठ आणि गाठीपासून दोन फाटे. पाठीवर धार नव्हती. पहिल्या भिंतीतल्यांपेक्षा अगदीच वेगळा. तुम्ही तो हातात घेतलात तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरणार नाही. क्षणभर तुम्ही लहान मुलीसारख्या दिसलात. मग तो चेहरा तुम्ही आवरून घेतलात.

"कुठे मिळाला?"

"ओढ्यात. भिंतीच्या पायथ्याशी."

"ओढ्यात म्हणजे सैल, जागेवरून सुटलेला."

"वरून पडला असणार. वर दुसरं आहे काय?"

"वरच्या खोऱ्यात हिमनदी होती. ती नुसती येऊन गेली नाही, दहा ठिकाणचं सामान इथे टाकून गेली. हा कुठून आला ते कुणाला माहीत?"

"अहो, पण याच्यावरून वय कळतं ना?"

"याचं स्वतःचं कळतं. पहिल्या भिंतीपेक्षा सुमारे एक कोटी वर्षांनी तरुण आहे हा. पण भिंतीचं वय हा सांगू शकत नाही. भिंतीत असता तर सांगितलं असतं."

"तुम्हालाही तेच वाटत होतं की."

"म्हणून तर जास्त सांभाळायचं," तुम्ही म्हणालात.

मला राग आला. मी इतकी वर्षं टेपचं टोक धरलं, आणि जे हाताला लागलं ते तुम्ही बाजूला ठेवलंत. अरविंद शेजारी बसून गुळाची दशमी खात होता. आपल्या दोघींच्या मध्ये तो कधी पडला नाही, म्हणून सुखी राहिला.

आपलं भांडण तिथे सुरू झालं. नंतर एकदा तुमचे एक सहकारी जेवायला आले होते. दोन्ही भिंती एकच आहेत, असं ते आमटी वाढून घेता घेता ठासून सांगत होते. मी वाट बघत होते. तुम्ही फक्त म्हणालात, "आय डोन्ट थिंक सो, बट आय हॅव नो एव्हिडन्स." ते गेल्यावर मी भांडी आपटली. "एव्हिडन्स तुमच्या बेसमेंटमध्ये ड्रॉवरमध्ये आहे," मी म्हटलं. तुम्ही पुसायचा टॉवेल घेतलात आणि म्हणालात, "तो पुरावा नाही, शालन. ती ऐकीव बातमी आहे."

तुम्ही रिटायर झालात. भिंत मुकीच राहिली. मग तुमच्या डोळ्यांत मध्यभागी डाग यायला लागला. कडेचं दिसायचं, समोरचं माणूस दिसायचं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, त्याने वेग कमी झाला, एवढंच. ज्या बाईने जन्मभर भिंग लावून फासळ्या बघितल्या तिच्या नजरेतून नेमकं मधलंच गेलं. तुम्ही एकदाही रडला नाहीत. मला मात्र त्याची चीड यायची.

त्यानंतर अरविंद गेला. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला बाहेर पडला आणि आत आला नाही. तुमचा लहान भाऊ तो, तुम्ही त्याला हाताला धरून या देशात आणलेलं. तुम्ही मला तुमच्या घरी घेऊन आलात, वरची खोली दिलीत. काही महिन्यांनी हॅलिफॅक्सहून निखिलचा फोन. "आई, कम लिव्ह विथ अस. देअर्स अ रूम, समुद्र दिसतो." मी फोन ठेवला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात चाचपत चहाची भांडी लावत होतात.

"जा," तुम्ही म्हणालात.

"तुमचं काय?"

"माझं काय व्हायचंय? जा तू. मुलाजवळ राहा."

इतकं पटकन म्हणालात की मला वाटलं, मी इथे नकोशी झालेय. मी रागाने वर गेले आणि निखिलला येत नाही म्हणून कळवलं. तुम्हाला कारण सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, तिकडे फार वारा असतो. ते उत्तर तुम्हाला पटलं नाही हे मला कळलं. पण त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मीही नाही.

मग एका जूनमध्ये डोंगरात मोठा पूर आला. रस्ते वाहून गेले, पूल गेले. ते सगळं सावरल्यावर मेगन घरी सांगत आली, की दुसऱ्या भिंतीचा पायथा ओढ्याने खरवडून काढलाय, जिथे कायम दरडीचा ढीग असायचा तिथे ताजा दगड उघडा पडलाय. तिच्याकडे तिथे खोदायचं परमिट होतं. तुम्ही म्हणालात, मी येणार. डोळ्यांनी दिसत नाही, गुडघे वाकत नाहीत, तरी येणार. मेगन माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, फोल्डिंग चेअर घेऊ.

तुम्हाला ओढ्याकाठी त्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल, मांडीवर अस्वलांना पळवायचा स्प्रे. "अस्वल आलं तर कुठल्या बाजूला फवारायचा ते वरून ओरडून सांगा," तुम्ही म्हणालात. मेगन भिंतीच्या पलीकडच्या टोकाने मोजत निघाली. मी अलीकडून चढले. मी तेव्हा साठीची होते, डोक्यावर पिवळं हेल्मेट. ओल्या दगडाचा वास येत होता. मी तुम्ही शिकवलं होतं तसं बघत गेले: काही शोधायचं नाही, एकेक थर नुसता वाचत जायचं. आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर, थरात घट्ट बसलेला एक गोटा दिसला, आणि त्याच्या फुटलेल्या कडेतून डोकावणाऱ्या जाड फासळ्या.

मी हाक मारली. "अक्का, आहे."

खालून तुमचा आवाज आला. "सैल?"

"नाही. भिंतीत आहे."

तुम्ही खुर्चीत पुढे वाकलात. मग म्हणालात, "हात लावू नकोस. मेगनला बोलव."

मेगनने फोटो काढले, थर मोजला, खूण केली. मगच छिन्नी लावली. गोटा निघाला तसा मी तो दोन्ही हातांत धरून खाली आणला आणि तुमच्या ओंजळीत ठेवला. तुम्ही हातमोजे काढलेत. अंगठा कडेवरून फिरवलात, आधी पाठीवर. "धार नाही," म्हणालात. मग फासळीवरून बोट सरकवत नेलंत. मध्ये थांबलात. परत मागे आलात, परत पुढे गेलात. "गाठ. गाठीपासून दोन फाटे." मेगन शेजारी गुडघ्यावर बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या नाही. तुम्ही पुढची फासळी चाचपलीत, त्याच्या पुढची, पुन्हा पहिल्यापासून. घाई नव्हती तुम्हाला.

"शालन, तू बरोबर होतीस," तुम्ही म्हणालात.

मी काही बोलणार एवढ्यात पुढे म्हणालात, "पण त्या वेळी नव्हतीस."

घरी येईपर्यंत गाडीत आपण त्यावरच भांडलो. मी म्हणत होते, तोच अमोनाइट, तीच भिंत, मग मी तेव्हाही बरोबरच. तुम्ही म्हणत होतात, तेव्हा तुझा अंदाज होता, तो खरा ठरला हे तुझं नशीब. दहातला एखादाच असा निघतो, आणि उरलेल्या नऊंचे नकाशे छापले गेले तर निस्तरणार कोण. मेगनला मराठी येत नाही, तरी ती मागे बसून हसत होती. अक्का, मला अजूनही वाटतं की मी तेव्हाही बरोबर होते. तुमच्यासारखी मी होऊ शकले नाही. पण ज्या उत्तराची आपल्याला सर्वांत जास्त इच्छा असते त्यालाच सर्वांत उशिरा दार उघडायचं, हे तुम्ही माझ्यासमोर करून दाखवलंत. त्या सहकाऱ्यासमोर गप्प बसणं तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला त्या दिवशी, तुमचं बोट गाठीवर थांबलं तेव्हा कळलं.

नवा नकाशा आला तेव्हा तुम्हाला रंग ओळखू येत नव्हते. तो टेबलावर पसरून मी तुमचं बोट धरून दोन्ही खोऱ्यांवर फिरवलं. "पहिली कुठल्या रंगात?" "गडद निळी." "आणि दुसरी?" "फिकट निळी. पहाटेच्या आभाळासारखी." तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "भूक लागली. पिठलं टाक." एवढंच. मी पिठलं टाकलं आणि कढईसमोर उभी राहून रडले. फोडणीचा आवाज होता, तुम्हाला ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असेल.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही फारसं बोलत नव्हतात. एका सकाळी नर्स माझ्याकडे वळून म्हणाली, "अँड यू आर हर...?" मी सिस्टर-इन-लॉ म्हणणार होते. तुम्ही डोळे मिटलेले ठेवूनच म्हणालात, "शी लिव्हज विथ मी." नर्सने मान डोलावली. मला वाटलं होतं तुम्ही बहीण म्हणाल, पण तुम्ही जे खरं होतं तेच सांगितलंत, एका शब्दानेही वाढवून नाही. त्या चार शब्दांवर मी आता हे दिवस काढतेय.

म्हणून मीही खरं सांगते. मी हॅलिफॅक्सला गेले नाही ते वाऱ्यामुळे नाही, आणि तुमच्या डोळ्यांमुळेही नाही. तुम्हाला कुणीतरी सोबत हवं म्हणून मी राहिले असं तुम्ही समजत होतात. म्हणून जा म्हणालात ना, मला ओझ्यातून सोडवायला? मला ते कळायला वर्षं लागली. पण अक्का, मला इथेच, तुमच्याजवळ राहायचं होतं. सकाळी तुमच्याशी वाद घालत चहा प्यायचा होता. अरविंद गेल्यावर सगळ्यांना माझी काळजी करायची होती. एकट्या तुम्ही मला दगड बघायला लावत होतात. हे मला तुमच्या समोर बसून सांगता आलं असतं. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

निखिल दिवसांना आला होता, दोन आठवडे राहिला. परवा परत जायच्या आधी गॅरेजमध्ये त्याला माझे नवे बूट दिसले. मेगनचे विद्यार्थी येत्या जुलैत दुसऱ्या भिंतीवर जाणार आहेत, आपण गेलो त्याच्याही वरचे थर बघायला. वरची वाट मला माहीत आहे, म्हणून मेगनने विचारलं आणि मी हो म्हटलं. निखिल बूट हातात घेऊन उभा राहिला.

"आई, यू आर ऑलमोस्ट सेव्हंटी. कम टू हॅलिफॅक्स, प्लीज. यू डोन्ट हॅव टू प्रूव्ह एनीथिंग."

"येईन रे. पानगळ सुरू झाली की येईन, राहीन महिनाभर."

"अँड द माउंटन?"

मी त्याच्या हातातून बूट घेतले, आत कोंबलेले कागद काढून खाली ठेवले आणि पाय घालून बघितला.

"प्रूव्ह करायला नाही जात," मी म्हटलं. "बघायला जातेय."